पोरगा लेझरने काड्या पेटवतो, त्याचं काय करायचं?

"काका, नमस्कार. आम्ही अमळनेरला राहतो. मुलगा एकोणीस वर्षांचा, इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाला आहे. दिवाळीच्या पैशांतून त्याने ऑनलाइन निळा लेझर मागवला. खोक्यावर 40 वॅट लिहिलंय. तेव्हापासून रोज रात्री गच्चीवरच्या खोलीत बसून काहीतरी जाळत असतो. आगपेटीच्या काड्या, फुगे, पुठ्ठा, केळीची वाळलेली सोपटं. देवघरातल्या उदबत्त्या संपतात. सासूबाईंनी वाळत घातलेल्या एका बिबड्यावर (ज्वारीच्या पापडावर) त्याने बहिणीचं नाव जाळून काढलं, त्या दिवशी घरात जे झालं ते लिहीत नाही. सासूबाई रोज विचारतात, 'आंडोर काय करी राह्यना?' (पोरगा काय करतोय?) मला सांगता येत नाही. परवा त्याची एक वही सापडली. 'काळा पुठ्ठा 1 सेकंद, खाकी 4, पांढरा कागद नाही' असं पानभर लिहिलंय. ते वाचून जास्तच भीती वाटली. आमचे हे म्हणतात, ती वस्तू बोरी नदीत फेकून दे. जाळण्यात आनंद वाटणं ही विकृती असते का? शेजारच्याच खोलीत आमचा कापूस भरलाय, भाव नाही म्हणून ठेवलाय. धाकटी नववीत आहे, तीही त्याच्याजवळ बसून बघत असते. — एक आई"

ताई, पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहिलेल्या दोन गोष्टी आधी घेतो, कारण त्यांना उशीर चालणार नाही. लेझर चालू असताना धाकटीने त्या खोलीत बसायचं नाही, आजपासून. आणि एक तर लेझर खाली आणा, नाहीतर कापूस हलवा. दोघांची एक भिंत नको. कापसाच्या गंजीला लागलेली आग वरून विझल्यासारखी दिसते आणि आत धुमसत राहते, हे जिनिंगमधल्या कुणालाही विचारा. एवढं झालं की बाकीचं निवांत बोलू.

विकृती आहे का? तुम्ही लिहिलंय त्यावरून तरी मला तसं वाटत नाही. आग लावण्याचा मानसिक आजार असतो, पण तो दुर्मीळ. त्यात माणसाला आधी आतून ताण चढतो, आग लावली की सुटल्यासारखं वाटतं, आणि हे पुन्हा पुन्हा होत राहतं. अशा माणसाला ज्वाला हवी असते. काळा पुठ्ठा किती सेकंदांत पेटतो आणि खाकी किती, याच्याशी त्याला काय करायचंय? तुमचा मुलगा लपून जाळत असता, रागारागाने दुसऱ्याच्या वस्तू जाळत असता, पालीवर किंवा मांजरावर झोत धरत असता, घरात भांडण झालं की तडक त्या खोलीत जात असता, तर मी तुम्हाला समुपदेशकाचा पत्ता शोधायला सांगितलं असतं. पुढे असं काही दिसलं तर जरूर न्या, त्यात लाज कसली. बिबडं दुसऱ्याचं होतं हे कबूल. पण त्यावर बहिणीचं नाव आहे, आणि त्या गुन्ह्याचा निकाल आजींच्या कोर्टात लागलेला दिसतो.

आता तो नेमकं काय करतोय ते सांगतो, म्हणजे सासूबाईंना उत्तर देता येईल.

उदबत्त्या आधी. लेझरचा झोत स्वच्छ हवेत बाजूने फारसा दिसत नाही. समोरच्या भिंतीवर ठिपका दिसतो, पण तो तिथवर पोचला कसा हे डोळ्यांना कळत नाही. मधे धूर सोडला की धुराच्या कणांवरून प्रकाश इकडेतिकडे उडतो आणि हवेत एकदम निळी रेघ उभी राहते, सुतासारखी सरळ. ज्याने ती पहिल्यांदा स्वतः उभी केली तो दुसरी उदबत्ती लावल्याशिवाय राहत नाही. काही जळतं तेव्हाही हेच होतं, जळण्याचाच धूर झोत दाखवतो. या छंदातला निम्मा आनंद मला वाटतं इथे आहे: ज्याचं अस्तित्व फक्त पुस्तकात वाचलेलं असतं ते समोर दिसतं.

काड्यांचं कारण वेगळं. खोक्यावर 40 वॅट लिहिलंय ना, त्यावर विश्वास ठेवू नका, मुलानेही ठेवलेला नसणार. असे आकडे बहुतेक वेळा यंत्र किती वीज खातं त्याचे असतात, प्रकाश किती देतं त्याचे नाहीत. एका निळ्या डायोडमधून (लेझरच्या आतला प्रकाश देणारा बारकासा भाग) प्रकाश निघतो साधारण पाच-सहा वॅट, बाकीच्या विजेची उष्णता होते. खरा आकडा सांगणारं मीटर महाग पडतं. मग हाताशी काय उरतं? काडी. किती अंतरावरून, किती वेळात पेटली ते बघायचं, भिंग थोडं फिरवायचं, पुन्हा बघायचं. ती वही म्हणजे त्याचं मीटर आहे. तुम्हाला तिची भीती वाटली आणि माझी सगळी शंका तिच्यामुळेच फिटली.

आणि हा काही आजकालच्या पोरांचा चाळा नाही. पहिला लेझर 16 मे 1960 रोजी अमेरिकेत थिओडोर मेमन यांनी माणकाच्या कांडीतून चालवून दाखवला. बातमी फुटली तेव्हा तिथल्या पेपरांनी 'मृत्युकिरण' म्हणून मथळे दिले. त्यानंतरच्या काही वर्षांत प्रयोगशाळांतले मोठमोठे शास्त्रज्ञ लेझरची ताकद काय मोजून सांगत? एका झटक्यात दाढीच्या किती पात्यांना भोक पडतं त्यावरून. गमतीत त्या मापाला पात्याच्या कंपनीचं नाव दिलं होतं, 'जिलेट'. हा लेझर दोन जिलेटचा, तो चारचा. तुमचा मुलगा काड्यांवर भागवतोय, एवढाच फरक.

वहीतला तो 'पांढरा कागद नाही' असा शेरा मला फार आवडला. काळी वस्तू अंगावर पडलेला प्रकाश गिळते आणि तापते, पांढरी तो परतवते. पांढऱ्या कागदावर पेनाने काळा ठिपका काढा, त्याच जागी तो भुरकन पेटेल. तुमच्या घरात काळा मार्कर सापडत नसेल तर तो कुठे आहे हे एव्हाना कळलं असेल. बिबडंही फिकट, ते सहजी जळत नाही. पण एकदा का एखादा कण करपून तपकिरी झाला की तो जास्त प्रकाश ओढतो, जास्त तापतो, शेजारच्या कणाला करपवतो, आणि मग अक्षर पुढे सरकू लागतं. त्याने नाव एका दमात लिहिलेलं नसणार. हळू, वेग सांभाळत लिहिलं असेल. (आजींना हे सांगू नका.)

त्याला एक फुग्याचा खेळ करून दाखवायला सांगा. पारदर्शक फुग्याच्या आत काळा फुगा फुगवायचा आणि बाहेरून झोत सोडायचा. आतला फुटतो, बाहेरचा तसाच राहतो. प्रकाश बाहेरच्यातून आरपार जातो, आतला त्याला अडवतो. डोळ्यांच्या शस्त्रक्रियेत बुबुळातून लेझर आत जातो आणि मागच्या पडद्यावरच काम करतो, तेही याच तत्त्वावर. हे त्याला ठाऊक नसेल तर सांगा, आणि लक्षातही ठेवा, कारण मला पुढे जे सांगायचंय त्याचं मूळ इथेच आहे.

तरी एक प्रश्न राहतोच. आपल्याकडच्या प्रत्येक पोराने उन्हात भिंग धरून कागद जाळलेला असतो. मग यात एवढं काय? हिशेब करून बघा. खान्देशातलं दुपारचं ऊन दर चौरस मीटरला साधारण 1000 वॅट देतं. पाच सेंटिमीटर रुंदीचं भिंग त्यातले दोनेक वॅट गोळा करतं. पण सूर्य आकाशात अर्ध्या अंशाएवढा रुंद दिसतो, म्हणून भिंगाखाली त्याचा बिंदू होतच नाही, छोटंसं चित्र होतं. भिंगाचं नाभीय अंतर दहा सेंटिमीटर असेल तर ते चित्र जवळपास एक मिलिमीटरचं. लेझरचे तेच दोन वॅट एक दशांश मिलिमीटरच्या ठिपक्यात बसवता येतात, म्हणजे शंभरपट लहान जागेत. झिरोचा बल्ब म्हणून जो आपण रात्रभर लावून झोपायचो तो पंधरा वॅटचा असायचा. त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढ्या प्रकाशाने लाकडावर अक्षर कोरलं जातं. ज्याला विजेची थोडी तरी समज आहे त्याला हे बघून गप्प बसवतच नाही.

शिवाय मधे काही नसतं. चूल पेटवा, वेल्डिंग करा, काडी ओढा, हाताला काहीतरी जाणवतं. इथे बटण दाबलं की खोलीच्या त्या टोकाला फुगा फुटतो. आवाज नाही, वारा नाही, झटका नाही. यात थोडा माजही असतो, खोटं कशाला बोलू. लांबून, न हलता, हवं ते पेटवता येतंय याची गुर्मी एकोणिसाव्या वर्षी चढणारच. मित्रांना दाखवायला व्हिडिओही काढत असेल. सगळं काही ज्ञानासाठी चाललंय असं मी म्हणणार नाही. पण नुसती गुर्मी असेल तर ती महिना-दोन महिन्यांत ओसरते, कारण घरात जाळण्यासारखं फार काही नसतं. टिकतात ते, ज्यांना जळण्यापेक्षा झोताचंच वेड लागतं. भिंग कोणतं, डायोडला किती करंट द्यायचा, तो थंड कसा ठेवायचा. साधारण वीस वर्षांपूर्वी हे लोक मोडक्या डीव्हीडी रायटरमधून लाल डायोड काढत आणि त्याच्या दोन-तीनशे मिलिवॅटवर खूश असत. मग निळे आले. निळा प्रकाश देणारे डायोड बनवणं फार अवघड होतं. जपानचे शुजी नाकामुरा त्यामागे वर्षानुवर्षं होते, 1990 च्या दशकात त्यांना ते साधलं, आणि निळ्या एलईडीसाठी 2014 चं नोबेल त्यांना, इसामू अकासाकी आणि हिरोशी अमानो यांना मिळून दिलं गेलं. 2010 च्या सुमारास छंदी मंडळींनी प्रोजेक्टर उघडून आतले निळे डायोड सुटे काढायला सुरुवात केली, आणि आज तीच गोष्ट कुरियरने अमळनेरला येते.

तिथेच खरा घोटाळा आहे. येणारी वस्तू खेळण्यासारखी दिसते.

ताई, तुम्ही आगीला भिताय. आग दिसते, तिचा वास येतो, ती ओल्या गोणपाटाने विझते. मी डोळ्यांना भितो. आपल्या डोळ्यातलं भिंग आत आलेला समांतर झोत पडद्यावर इतक्या लहान ठिपक्यात जमवतं की त्याची तीव्रता एक लाखपट वाढते. म्हणून शिक्षकांच्या हातातल्या लाल पॉइंटरला पाच मिलिवॅटच्या आतली मर्यादा धरतात. तेवढ्यात माणूस पाव सेकंदात पापणी मिटतो आणि बहुधा वाचतो. तुमच्या घरातला झोत त्याच्या हजारपट आहे. तिथे पापणी मिटेपर्यंत काम झालेलं असतं. आणि पडद्याला वेदना नसते. दुखत नाही, पाणी येत नाही, नजरेच्या मधोमध एक करडा डाग उरतो आणि तो जात नाही. अर्ध्या वॅटच्या वरचे सगळे लेझर चौथ्या वर्गात मोडतात, म्हणजे सगळ्यात धोक्याच्या. या वर्गात झोत थेट डोळ्यात जायलाच हवा असं नाही. स्टीलच्या ताटावरून, मनगटी घड्याळावरून, खिडकीच्या काचेवरून, गुळगुळीत फरशीवरून परतलेला झोतही पुरतो. जळणाऱ्या ठिपक्याकडे उघड्या डोळ्यांनी टक लावून बघणंसुद्धा वाईट. धाकटी नेमकं तेच करतेय.

मिरवणुकांत डीजेसोबत लेझर नाचवतात, त्याने पोरांचे डोळे गेल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. पुण्यात 2024 च्या गणेशोत्सवात पोलिसांनी अशा झोतांवर बंदी घातली ती उगाच नाही.

लेझरसोबत एक हिरवट प्लास्टिकचा चष्मा फुकट आला असेल. तो कचऱ्यात. गॉगल, वेल्डिंगची काच, दोन चष्मे एकावर एक, यातलं काहीही चालत नाही. खरा चष्मा कोणत्या तरंगलांबीसाठी आहे ते त्याच्यावरच छापलेलं असतं. तुमच्या मुलाच्या निळ्या लेझरला 450 नॅनोमीटर. त्यापुढे ओडी म्हणून आकडा असतो, तो पाच किंवा जास्त हवा. ओडी पाच म्हणजे लाखातला एक भाग आत येतो. युरोपातलं ईएन 207 हे मानक त्याच्यावर लिहिलेलं असलं तर उत्तम. या निळ्यासाठीचे चष्मे बहुधा नारिंगी असतात, पण नुसता नारिंगी रंग पुरत नाही, आकडा बघा. खोलीत जितकी माणसं तितके चष्मे, नाहीतर तितकी माणसं नाहीत. उद्या तो हिरवा लेझर आणेल, तर त्याला हा चष्मा चालणार नाही. स्वस्त हिरव्यांत आणखी एक खोड असते. आतून 1064 नॅनोमीटरचा अदृश्य प्रकाश निघतो आणि तो गाळणारी काच कारखानदाराने पैसे वाचवायला बसवलेलीच नसते. दिसणाऱ्या झोतापासून वाचलेला माणूस न दिसणाऱ्यात सापडतो.

नियम एवढेच घाला. झोत नेहमी खाली, टेबलाकडे, डोळ्यांच्या उंचीवर कधीच नाही. जाळायचं ते प्लायवूडच्या पेटीत, मागे लाकूड किंवा वीट, मागे काच किंवा स्टील नाही. दाराला आतून कडी, म्हणजे आजी मधेच दूध घेऊन येणार नाहीत. शेजारी पाण्याची बादली. धूर बाहेर काढणारा पंखा. काम संपलं की अडॅप्टर काढून तुमच्या कपाटात. आणि गच्चीवरून बाहेर झोत नाही, एकदाही नाही. अमळनेरहून सुरत-भुसावळ मार्गावरच्या गाड्या जातात, चालकाच्या डोळ्यांवर असा झोत गेला तर तो थट्टेचा विषय राहत नाही, गुन्हा होतो. वरून जाणारं विमानही तसंच.

जाळण्याच्या वस्तूंबद्दल एकच सक्त मनाई. रेक्झिन, फ्लेक्सचा बॅनर, पीव्हीसीचा पाइप, वायरचं आवरण यांना हात लावायचा नाही. पीव्हीसी जळलं की हायड्रोजन क्लोराइडचा वायू निघतो, तो छातीत गेला की ओलाव्याशी मिळून आम्ल होतो. निवडणुकीनंतर उरलेले फ्लेक्स प्रत्येक गच्चीवर असतात, म्हणून मुद्दाम सांगतोय. पुठ्ठा, लाकूड, केळीचं सोपट ठीक.

आता नदीत फेकण्याबद्दल. साहेबांना सांगा की आत्ता बोरीत फेकून ते कोरड्या वाळूवर पडेल आणि संध्याकाळी दुसरा कुणीतरी पोरगा घरी नेईल. गंमत सोडा. फेकलंत तर तो दुसरा आणेल, मित्राच्या घरी ठेवेल, चष्म्याशिवाय वापरेल, आणि ते तुम्हाला कळणारही नाही. आज तो वही टेबलावर उघडी टाकतोय, तेवढं राहू द्या. साहेबांना पटवायचंच असेल तर एक दिवस जळगावला सराफ बाजारात घेऊन जा. दागिन्यावर सहा अक्षरांचा एचयूआयडी क्रमांक असतो, 1 एप्रिल 2023 पासून हॉलमार्कचा दागिना त्याच्याशिवाय विकता येत नाही. तो लेझरनेच कोरतात. ते यंत्र वेगळं आणि महाग, मुलाच्या निळ्या डायोडने सोन्यावर काही होणार नाही. लग्नपत्रिका आणि ॲक्रिलिक कापणारी दुकानं पाहिलीत? त्यांच्याकडे बहुधा कार्बन डायऑक्साइडचा लेझर असतो. तो 1964 साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत बनवला कुमार पटेल यांनी. जन्म बारामतीचा, शिक्षण पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातलं. मुलाचा निळा लेझर पारदर्शक ॲक्रिलिकमधून सरळ आरपार जातो, पण लाकडावर नाव छान उठवतो. घराच्या दारावर लावायला एक पाटी त्याच्याकडून करून मागा, वडिलांच्या नावाची. पंधरा दिवस खटपट करेल.

खोली गच्चीवरची आहे, तेव्हा एप्रिल-मेमध्ये त्याला खाली जागा द्या. डायोड तापला की प्रकाश कमी देतो आणि लवकर मरतो, आणि आपल्याकडच्या पत्र्याखाली दुपारी काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. कापसापासूनही आपोआप सुटका.

एक काम मात्र चष्म्याची वाट न बघता करा. भावंडांनी आत्तापर्यंत उघड्या डोळ्यांनी बघितलेलंच आहे. धुळ्याला किंवा जळगावला डोळ्यांच्या डॉक्टरकडे दोघांचाही पडदा तपासून घ्या, लेझरचं स्पष्ट सांगा, काही लपवू नका. बाहुली मोठी करायचं औषध घालतात, त्यानंतर काही तास जवळचं वाचता येत नाही. धाकटीचे पेपर चालू असतील तर ते संपल्यावर जा, पण संपले की लगेच.